दोन ते आठ अंशांच्या मध्ये

परळच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. त्या दिवसापर्यंत मी एकदाही विमानात बसले नव्हते. करी रोडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना विमानं दिसायची, तेवढाच आमचा संबंध.

सकाळी साडेनऊला आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आधार कार्ड आहे ना जवळ?"

"आहे."

"दुपारी चेन्नईला जाशील?"

आमच्याकडे आदल्या दिवशी एक दाता येऊन गेला होता. एका मशीनला पाच तास जोडून त्याच्या रक्तातल्या मूळ पेशी वेगळ्या काढल्या होत्या. दोनशे मिलिलीटरची एक पिशवी, टोमॅटोच्या सारासारखा रंग. ती चेन्नईच्या एका हॉस्पिटलमध्ये पोचवायची होती. एरवी हे काम आमचे एक सहकारी करतात, पण ते त्याच पहाटे डेंग्यूने आमच्याच हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर भरती झाले होते.

मॅडमनी मला समोर बसवलं. "तिकडच्या पेशंटला आठवडाभर केमो दिलीय. त्याची स्वतःची हाडांतली मज्जा आता राहिलेली नाही. आपण पाठवतोय त्या पेशींवरच सगळं आहे. दुसरी पिशवी नाही."

मग नियम सांगितले. पेटी नजरेआड करायची नाही. एक्स-रे मशीनमधून जाऊ द्यायची नाही. आणि पेटीच्या अंगावर बसवलेल्या छोट्या पडद्यावरचा आकडा दोन ते आठच्या मध्ये राहिला पाहिजे. "दोनच्या खाली गेला तर पेशी गोठतात. आठच्या वर गेला तर हळूहळू मरायला लागतात. तुला काय सांगायचं म्हणा, रक्ताचं तुला माहीत आहे."

माहीत होतं. पण माहीत असलेलं रक्त माझ्यासाठी नेहमी फ्रिजमध्ये असतं, आणि फ्रिज भिंतीला लागून असतो.

मी आईला फोन केला. संध्याकाळी येत नाही, उद्या येते, चेन्नईला चाललेय म्हणून सांगितलं.

"विमानाने? एकटी?"

"पेटी आहे सोबत."

"पेटी काय बोलणार आहे तुझ्याशी?" आई म्हणाली. मग म्हणाली, "जेवून जा."

जेवायला वेळ झालाच नाही. पेटी भरताना मी स्वतः उभी राहिले. मधोमध पिशवीचा बंद डबा, चहूबाजूंनी थंड केलेली जेलची पाकिटं. आणखी चार पाकिटं मॅडमनी एका वेगळ्या पिशवीत घालून दिली, लागली तर म्हणून. पडद्यावर आकडा होता तीन पॉइंट नऊ.

वाटेतला पूल बंद असल्यामुळे हॉस्पिटलच्या ड्रायव्हरने गाडी दादरवरून काढली आणि शीवला पुन्हा अडकलो. पेटी मी शेजारच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला होता. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि एसी वाढवला. मी काही बोलले नव्हते. विमानतळावर उतरले तेव्हा आकडा चार पॉइंट पाच होता, आणि मला वाटलं, चला, हे जमतंय.

सिक्युरिटीच्या रांगेत सगळे सराईत होते. बेल्ट काढ, लॅपटॉप काढ, ट्रेमध्ये टाक, पुढे सरक. मी माझी पर्स ट्रेमध्ये ठेवली आणि पेटी हातातच धरून उभी राहिले. ट्रे सरकवणाऱ्या माणसाने माझ्याकडे न बघता पेटीला हात घातला. त्याच्यासाठी ती शंभरातली एक बॅग होती. मी हँडल सोडलं नाही. त्याने ओढली, मी धरून ठेवली, आणि पेटीचा अर्धा भाग त्या फिरत्या पट्ट्यावर गेला.

"भैया, ये एक्स-रे में नहीं जायेगा."

"सब जाता है, मॅडम."

"ये नहीं जायेगा." माझा आवाज मला अपेक्षित होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. पट्टा थांबला. मागची रांग थांबली. कोणीतरी मागून "अब क्या हुआ" म्हणालं. मी पेटी उचलून छातीशी धरली. सुरक्षा तपासणीच्या जागी एक बाई खोका छातीशी धरून उभी आहे आणि तपासू देत नाही, हे लोकांना कसं दिसत असेल ते मला लगेच कळलं. पुढच्या दोन बायका बाजूला झाल्या.

मला रांगेतून बाहेर घेतलं. साहेब येईपर्यंत माझी अंगझडती करून घ्या, असं ठरलं. बायकांसाठी पडदा लावलेली छोटी खोली होती. तिथल्या महिला जवानाने मला पेटी बाहेरच्या टेबलावर ठेवून आत यायला सांगितलं.

"मी नजरेआड नाही करू शकत," मी म्हणाले, मग तेच हिंदीत सांगितलं.

"अंदर नहीं ला सकते. चेक नहीं हुआ है."

दोघींचंही बरोबर होतं. ती बाई माझ्याच वयाची असेल. तिने क्षणभर विचार केला आणि पडदा एका बाजूला सारून धरला. मी पेटीकडे तोंड करून हात पसरून उभी राहिले, तिने माझ्या अंगावरून यंत्र फिरवलं, आणि रांगेतले तीसचाळीस लोक ते बघत होते. मी आकड्याकडे बघत राहिले. चार पॉइंट सहा.

साहेब आले. उंच, शांत, चष्मा लावलेले. आमच्या हॉस्पिटलचं पत्र त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. माझं ओळखपत्र बघितलं. मॅडमना फोन लावून बोलले. मग म्हणाले, "एक्स-रे नहीं करेंगे. लेकिन खोलना पड़ेगा."

"खोल सकते हैं. पण ज्यादा देर नहीं. और अंदर की थैली को हाथ नहीं."

त्यांनी नवे हातमोजे मागवले. त्याला वेळ गेला, पण पेटी बंद होती म्हणून मी काही बोलले नाही. मग झाकण उघडलं. त्यांनी कापडाची एक पट्टी आतल्या बाजूंवरून, डब्यावरून, पाकिटांवरून फिरवली आणि ती स्फोटकं शोधणाऱ्या यंत्रात घालायला दिली. यंत्रासमोर आधीच कोणाची तरी पट्टी तपासणं चालू होतं.

"साहब, ढक्कन बंद करूं?"

"रिझल्ट आने दीजिये."

मी मनात सेकंद मोजायला लागले. साठ झाले. एकशे वीस झाले. वरून विमानतळाचा एसी वाहत होता, पण माणसाला जो गारवा वाटतो तो या पेशींसाठी उन्हाळा असतो. पाच पॉइंट एक. पाच पॉइंट चार. मी दोनशे चाळीसला पोचले तेव्हा यंत्राने हिरवा दिवा दाखवला. झाकण मी स्वतः लावलं. घाईत कडी दोनदा निसटली.

आता फक्त पिशवीतली चार जादा पाकिटं उरली होती. साहेबांनी ती दाबून बघितली. "लेटर में एक बॉक्स लिखा है. ये अलग है. जेल है."

"ये उसी के लिये है."

"मैं समझता हूं, मॅडम. लेकिन लिखा नहीं है." वरिष्ठांना विचारतो म्हणाले. ते मीटिंगमध्ये होते. पंधरा मिनिटं थांबा, असं उत्तर आलं. माझ्या विमानाचं बोर्डिंग वीस मिनिटांवर होतं. मी हिशोब केला: आकडा पाच पॉइंट आठ, दोन तासांचा प्रवास, पेटी बंद. पाकिटांशिवाय चालेल. मी ती तिथेच सोडली आणि निघाले. साहेबांनी माझ्यासाठी दोरी बाजूला केली आणि हळू आवाजात म्हणाले, "बेस्ट ऑफ लक पेशंट को."

गेटकडे जाताना वाटेत बोर्ड लागला. माझं विमान एक पस्तीसचं होतं. समोर लिहिलं होतं चार पन्नास.

मी तो बोर्ड तीन वेळा वाचला. मग मॅडमना फोन केला. त्यांनी आधी एकच विचारलं.

"आकडा?"

"सहा पॉइंट दोन."

"गार जागा शोध. उन्हात ठेवू नकोस. उघडू नकोस. साडेसात झाला तर मला फोन कर. दुसरं विमान मिळतंय का ते मी बघते."

गार जागा शोधणं सोपं वाटतं. त्या हॉलची एक अख्खी भिंत काचेची होती आणि दुपारचं ऊन खुर्च्यांच्या चार रांगांवर सरळ पडत होतं. मोकळ्या खुर्च्या नेमक्या तिथेच होत्या. मी दुकानांच्या बाजूला गेले. अत्तरांचं दुकान, घड्याळांचं दुकान, गोऱ्या बाईचा भिंतभर चेहरा असलेल्या जाहिराती, आणि प्रत्येक वस्तूवर रोखलेला दिवा. त्या दिव्यांखाली हात धरला तर ऊब लागत होती. खाण्याच्या बाजूला ओव्हन. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि भाजलेल्या पावाच्या वासाने मला भूक लागण्याऐवजी राग आला. मी हात लांब करून त्या त्या ठिकाणची हवा तपासत फिरत होते. एका मुलीने मला काही हवंय का विचारलं.

शेवटी एका कोपऱ्यात छताच्या जाळीतून थेट गार झोत येत होता. त्याच्याखाली तीन खुर्च्या होत्या. एकीवर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते आणि उरलेल्या दोन्हींवर त्यांच्या पिशव्या होत्या. मी एका टोकाला उभी राहिले.

"मराठी?" त्यांनी विचारलं आणि एक पिशवी खाली ठेवली. मी बसले, पेटी मांडीवर.

ते ठाकूरद्वारचे. मुलीकडे चालले होते, त्याच विमानाने. विमानं हल्ली अशीच, पूर्वी अशी नव्हती, हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"करी रोड."

"वा. म्हणजे गिरणीतले. आडनाव काय?"

मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले आणि थोडा वेळ समोर बघत राहिले. हा थोडा वेळ मी शाळेपासून ओळखते. एरवी मी त्यानंतर उठून जाते किंवा मुद्दाम जास्त बोलते. त्या दिवशी मला दोन्ही सुचलं नाही, कारण आकडा सहा पॉइंट सात झाला होता.

त्यांनीही त्या आकड्याकडे बघितलं. "काय आहे यात?"

मी सांगितलं. कोणाच्या तरी रक्तातल्या पेशी, कोणाला तरी द्यायला.

"कोणाच्या? कोणाला?"

"ते कोणालाच सांगत नाहीत. मलाही माहीत नाही."

ते स्वतः उठले. झोत नेमका त्यांच्याच खुर्चीवर पडत होता. "इथे ठेवा," ते म्हणाले आणि त्यांनी आपली दुसरी पिशवी पलीकडे सरकवली.

पुढचा पाऊण तास मी आकड्याशिवाय काही बघितलं नाही. सहा पॉइंट आठवर तो बराच वेळ थांबला, तेव्हा मला आशा वाटली. मग सहा पॉइंट नऊ झाला. मला बाथरूमला जायची गरज सकाळपासून होती. पेटी घेऊन गेले. बायकांच्या बाथरूममध्ये त्या छोट्या कप्प्यात मी एका हाताने पेटी छातीशी धरून, दुसऱ्या हाताने कडी लावून काय काय केलं ते आठवलं की आता हसू येतं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. पेटी त्या ओल्या फरशीवर ठेवायला माझं मन धजेना.

बाहेर आले तेव्हा सात पॉइंट दोन.

समोर रसाचा एक स्टॉल होता आणि त्याच्या मागे काचेच्या दाराचा मोठा फ्रिज. तिथे तिशीतली एक बाई उभी होती, केस जाळीत बांधलेले. मी तिला सरळच सांगितलं. यात रुग्णाला द्यायच्या पेशी आहेत, पेटी गरम होतेय, तुमच्या फ्रिजमध्ये तासभर ठेवता का, मी इथे समोरच उभी राहते.

ती पेटीकडे बघून अर्धं पाऊल मागे सरली. "रक्ताचं आहे?"

"बंद आहे सगळं."

"नाही ओ ताई. खाण्याच्या फ्रिजमध्ये बाहेरचं काय पण ठेवायला मनाई आहे. कॅमेरा आहे वरती. नोकरी जाईल."

तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. आमच्या फ्रिजमध्ये कोणी स्वतःचा डबा ठेवला तर मी ओरडते. मी मान हलवली. पण पाय निघेनात. मी त्या फ्रिजकडे बघत उभी राहिले. आत पाण्याच्या लहान बाटल्या होत्या, तळहाताएवढ्या. दारावर आकडा दिसत होता: चार.

"या छोट्या बाटल्या किती आहेत?" मी विचारलं.

"किती पाहिजे?"

"आठ."

तिला एकदम कळलं. तिने पुढच्या बाटल्या बाजूला करून हात खोल आत घातला. "मागच्या जास्त गार असतात," ती म्हणाली. "आणि बघा, सील तोडू नका. गरम झाल्या की आणा, मी बदलून देते. सील असली तर मला ठेवता येते."

मी बाटल्या ओढणीत गुंडाळून खुर्चीपाशी परत आले आणि मॅडमना फोन लावला. आकडा सात पॉइंट पाच होता.

"दुसरं विमान मिळत नाहीये. बाटल्या चारच्या आहेत? बर्फ नाही ना कुठल्यात?"

"नाही. बघितलं."

"डब्याला चिकटवू नकोस. बाजूची गरम झालेली पाकिटं काढ, त्या जागी घाल. वीस सेकंदांत झाकण बंद झालं पाहिजे. मी लाइनवर आहे."

फोन कुठे धरायचा हा प्रश्न होता. ठाकूरद्वारच्या काकांनी हात पुढे केला. त्यांनी फोन माझ्या कानाजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने, मी न सांगता, बाटल्या एकेक करून मला द्यायला तयार ठेवल्या. मी कडी काढली.

"सुरू," मी म्हणाले.

मॅडम मोजत होत्या. पाकीट बाहेर, बाटली आत. पाकीट बाहेर, बाटली आत. सहाव्या बाटलीला जागा होईना. काका पुटपुटले, "आडवी, आडवी." आडवी बसली. उरलेल्या दोन राहू दिल्या. झाकण. कडी पहिल्या फटक्यात लागली.

"अठरा," मॅडम म्हणाल्या.

आकडा सात पॉइंट आठ झाला. फोनवर मॅडमचा श्वास ऐकू येत होता. मला तेव्हा स्पष्ट वाटलं की मी चूक केली, उघडायला नको होतं, आणि ज्याचं नावही मला माहीत नाही अशा माणसाचं मी कायमचं काहीतरी बिघडवलं. पडदा तसाच होता. सात पॉइंट आठ. मग सात पॉइंट सात. मग बऱ्याच वेळाने सात पॉइंट चार.

"खाली येतोय," मी म्हणाले.

"हं," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. नंतर कळलं, त्या केबिनमध्ये उभ्याच होत्या आणि मग खाली बसल्या.

काढलेली पाकिटं बाजूला ठेवून उरलेल्या दोन बाटल्या मी पेटीच्या बाहेरून ओढणीने बांधल्या. त्या स्टॉलवाल्या बाईने त्या दोन बाटल्या मला तीनदा बदलून दिल्या. तिसऱ्या वेळी तिने एक सँडविचही काउंटरवर ठेवलं. "खाऊन घ्या. तुमचा चेहरा बघा कसा झालाय." मी उभ्याउभ्या खाल्लं. कशाचं होतं ते आठवत नाही.

विमान अखेर पाचला निघालं. चढताना दारातल्या मुलीने पेटी वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं. मी पत्र काढलं. तिने ते आत नेलं, परत आणलं, आणि मला पुढच्या सीटखाली ठेवायची परवानगी मिळाली. दोन तास मी वाकून, पेटीवर एक हात ठेवून बसले होते. मला खिडकी मिळाली होती. मुंबई वरून कशी दिसते हे बघायचं राहूनच गेलं. उतरताना आकडा सहा पॉइंट शून्य होता.

चेन्नईला बाहेर एक तरुण नर्स पाटी घेऊन उभा होता. पाटीवर नाव नव्हतं, फक्त पिशवीचा नंबर. आम्ही दोघांनी तो आपापल्या कागदावरून एकमेकांना वाचून दाखवला. गाडीत बसून त्याने पेटी उघडली आणि बाटल्यांकडे बघत राहिला.

"वॉटर?" त्याने विचारलं.

"वॉटर," मी म्हणाले.

त्याने फॉर्मवर तसं लिहिलं. यंत्रातली नोंद वाचली, कमाल सात पॉइंट आठ, आणि मान डोलावली. सही घेतली आणि गाडी गेली. माझ्या हातांना काही धरायला उरलं नव्हतं. बोटांवर हँडलचा वळ होता. ठाकूरद्वारचे काका त्यांच्या मुलीबरोबर थोड्या अंतरावर थांबले होते. त्यांनी तिला माझ्याबद्दल सांगितलं असावं, कारण तिने हात जोडले. काका म्हणाले, "पोचलं ना?" मी म्हणाले, "पोचलं." मग ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा रक्तपेढीत लेबलं चिकटवत होते. मॅडमनी सहकाऱ्यांसमोर एवढंच म्हटलं की यापुढे पत्रात जादा पाकिटांचा उल्लेख करायचा. पत्राचा नमुना त्याच दिवशी बदलला.

महिनाभर मी काही विचारलं नाही. विचारायचा नियम नाही, आणि मला भीतीही वाटत होती. तो सात पॉइंट आठ माझ्या डोक्यातून जात नव्हता. आठच्या खाली होता, पण किती वेळ, आणि कोणत्या पेशींना किती सोसतं, हे कुठल्या पडद्यावर दिसत नाही. एका शनिवारी मॅडम जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबल्या. "चेन्नईचं कळलं. पेशी अंगात रुजल्या. रक्ताचा काउंट वर येतोय." पुढचं काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी आई मेथी निवडत बसली होती. मी तिला सांगितलं.

"बाई होती की माणूस?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"लहान की मोठं?"

"ते पण नाही माहीत."

आईने थोडा विचार केला. "मग बरं होतंय एवढंच माहीत असू दे," ती म्हणाली आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मी हात धुऊन तिच्यासोबत निवडायला बसले.